डुकराच्या जनुकाचा माग काढणाऱ्या पद्मजाताई

मेढ्याजवळच्या पुनर्वसित गावाहून मी सांगलीला संशोधनासाठी आलो, तेव्हा डॉ. पद्मजा मगदूम प्रयोगशाळेत नव्हत्या. शोधत शोधत गावाबाहेरच्या वराहपालन केंद्रावर गेलो. गमबूट घातलेल्या ताई एका पिल्लाच्या कानातून रक्ताचे दोन-चार थेंब काढत होत्या. "आलास? धर ह्याला," एवढेच त्या म्हणाल्या. माझी मुलाखत तेवढ्यावरच आटोपली.

त्या भागात आईचे दूध तुटले की डुकराची पिल्ले हगवणीने पटापट मरत. त्याच वेतातली काही मात्र ठणठणीत राहत. हा फरक जनुकात आहे, अशी ताईंची खात्री होती. पण माणसाच्या जनुकांचा नकाशा बराच भरलेला असला, तरी डुकराचा त्या काळी अर्धा कोरा होता. ताईंनी मला विचारले, "तुझं गाव धरणात गेलं ना? नव्या जागी शेजारी कोण आहेत?"

"जुनेच, ताई."

"मग झालं तर! माणसात जी जनुकं शेजारी, ती डुकरातही बहुधा शेजारीच असतात. शेजार सापडला की घर सापडतं."

शेजार सापडला, घर मात्र सापडेना. महिनोन्‌महिने आमचे हिशेब चुकत राहिले. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुचवले, "काही पिल्लं मारून आतडी तपासा, नाहीतर अनुदान बंद होईल." ताई शांतपणे म्हणाल्या, "होऊ दे. आपल्याला माहिती हवी म्हणून एकही पिल्लू मरणार नाही." पुढच्या वर्षी अनुदान खरोखरच थांबले. तरीही ताईंनी पिल्लांच्या आईबापांचे, भावंडांचे रक्त गोळा करणे सोडले नाही. एके दिवशी फळ्यासमोर उभ्या असताना त्या एकदम म्हणाल्या, "अरे, गल्ली तीच असेल, पण उलटी वसली असेल!" आम्ही माणसाच्या नकाशाचा तो तुकडा उलट क्रमाने लावून पाहिला, आणि जनुक दुसऱ्या टोकाला सापडले.  त्या दुपारी ताई प्रयोगशाळेत मनापासून हसल्या.

आता रक्ताच्या थेंबावरून हगवणीला दाद न देणारा पैदाशीचा नर निवडता येतो. केंद्राचे मालक भीमराव परवा फोनवर ओरडूनच सांगत होते, "ताईस्नी सांगा, औंदा हगवणीनं एक बी पिल्लू गेलं न्हाई!"

ताईंची माया मी स्वतः अनुभवली आहे. माझी आई सांगलीला दवाखान्यात होती, तेव्हा त्या रोज संध्याकाळी डबा घेऊन येत आणि आईचे पाय चेपत बसत.

ताईंचे वडील, आप्पा, हे ऊस पिकवणारे जैन शेतकरी. लेकीने डुकरांवर काम करावे, हे त्यांना फार जड गेले. "दुसरं जनावर न्हाई का मिळालं?" असे ते विचारत. ताई म्हणत, "आप्पा, कुठला जीव वाचवायचा, ह्ये आपण ठरवायचं व्हय?" तरी कोणी विचारले, तर आप्पा 'लेक कॉलेजात शिकवते' इतकेच सांगत. शोध लागल्यावर गावाने ताईंचा सत्कार केला. नव्वदीचे आप्पा काठी टेकत उठले आणि माइकसमोर म्हणाले, "माझी लेक डुकरांची डॉक्टर हाय. लय अभिमान हाय मला तिचा." मान खाली घालून बसलेल्या ताईंना मी त्या दिवशी प्रथमच रडताना पाहिले.

ताईंनी साठी पूर्ण केली, आणि आता शेळ्यांचा नकाशा हाती घेतला आहे. तो पुरा करून त्याहून अवघड काही हाती घेण्याइतके दीर्घ, निरामय आयुष्य त्यांना लाभो. आणि त्यांच्या मागे धावण्याचे बळ आम्हा शिष्यांना मिळो.