माळाचे वकील

माझ्या साडूंइतका झाडांना विरोध करणारा निसर्गप्रेमी अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. वृक्षारोपणाची बातमी पेपरात आली की लोक फोटोत आपला चेहरा शोधतात. आमचे साडू जागा शोधतात, आणि ती जागा माळरान निघाली की त्यांच्या हातातला चहा तसाच गार होतो. "घातला खड्ड्यात," असं ते पुटपुटतात. नवख्या माणसाला वाटतं, वृक्षाबद्दल बोलतायत. ते माळाबद्दल बोलत असतात.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उपग्रहानं काढलेली जमिनीची चित्रं वाचायची आणि जंगल कुठं विरळ झालं, वणवा कुठं लागून गेला, जनावरांचं पाणी कुठं आटलं हे वनखात्याला कळवायचं, अशी त्यांची नोकरी. हे काम इतकी वर्षं केल्यामुळं त्यांना जग फक्त वरूनच दिसतं. आमच्या गारखेड्यातल्या घराची वास्तुशांत होती तेव्हा ते पूजेला न बसता थेट गच्चीवर गेले आणि खाली येऊन माझ्या आईला म्हणाले, "छान आहे घर. मी ओळखतो याला. पूर्वी इथं बाभळीचं बन होतं." माणसांनाही ते छपरावरूनच ओळखतात. कुणी नमस्कार केला तर क्षणभर गोंधळतात आणि मग एकदम उजळून म्हणतात, "हां, दोन काळ्या टाक्या आणि निळी ताडपत्री!" मात्र याच गारखेड्यात ते दर वेळी चुकतात. एकदा आमच्याकडं जेवायला म्हणून निघाले आणि मागच्या गल्लीतल्या एका अनोळखी कुटुंबात बसून सरबत पिऊन आले. "वरून सगळं शहर मला पाठ आहे हो," ते कळवळून म्हणाले, "पण खालून सगळ्या गल्ल्या एकसारख्याच दिसतात!" ताटात भाकरी आली तरी आधी तिच्यावरचे काळे डाग न्याहाळतात. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या ताईंनी, एकदा सगळ्यांदेखत सुनावलं, "अहो, भाकरी खायची असते. वाचायची नसते."

तर आमच्या कॉलनीतल्या सकाळी फिरणाऱ्यांच्या मंडळानं एका वर्षी ठरवलं की हर्सूलच्या पुढं, टेकड्यांच्या पल्याड एक मोठा माळ ओसाड पडलाय, तो हिरवागार करायचा. मंडळाचे अध्यक्ष हेडसर, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा आवाज अजून प्रार्थनेच्या मैदानातला आहे. रोपं ठरली, खड्डे खणायला जेसीबी ठरला. मी जेवताना सहज हे साडूंना सांगितलं, आणि त्यांचा घास हातातच राहिला. "तिथं लांडगीण आहे," ते म्हणाले. "तिची बिळं आहेत त्या माळात. साडू, मला तुमच्या सभेत बोलायचंय."

सभा आमच्या गच्चीवर झाली. साडूंनी दोरीवर पांढरी चादर बांधून चित्रं दाखवली. पहिलंच चित्र लालभडक निघालं. "यात जे लाल दिसतंय ते हिरवं आहे," साडू म्हणाले, आणि अर्धी सभा तिथंच त्यांच्या हातातून गेली. तरी ते सांगत राहिले. हा माळ आषाढ-श्रावणात कसा पेटल्यासारखा लाल होतो, म्हणजे हिरवा होतो, दिवाळीनंतर कसा सोनेरी पडतो, उन्हाळ्यात करडा होतो आणि पुन्हा उठतो. कित्येक वर्षांची चित्रं त्यांनी एकापाठोपाठ एक सरकवली. खरंच, छातीचा भाता हलावा तसा तो माळ हलत होता. "कागदावर याला पडीक लिहिलंय," साडू म्हणाले, "पण हे गवताचं रान आहे. इथं दाट झाडी झाली तर चिंकारा जाणार, चंडोल जाणार, लांडगा जाणार. यांना मोकळं लागतं."

सगळे चादरीकडं वाकून बघायला लागले. मला वाटलं, जिंकले. तेवढ्यात शेजारच्या काळे काकू मागून म्हणाल्या, "भाऊ, याच्यात माझं घर दिसतं का हो?"

साडूंचा स्वभाव मुळात भिडस्त. त्यांनी शहराचं चित्र लावून काकूंचं घर दाखवलं. मग मंडळातल्या सोनवण्यांचं, मग हेडसरांचं. मग सोनवणे उठून चादरीपाशी गेले आणि काकूंच्या गच्चीवरच्या पत्र्यावर बोट ठेवून म्हणाले, "ही खोली कवा बांधली? परवानगी हाय का?" त्यानंतरची सभा पत्र्याच्या खोलीवर झाली. माळावर कुणीच बोललं नाही. चादरीची घडी करताना साडूंचा चेहरा मला बघवेना. तेव्हा हेडसर जिन्यात थांबून म्हणाले, "चित्रातलं मला काही कळलं नाही. खड्डे खणायच्या आधी तुमचा तो माळ एकदा प्रत्यक्ष दाखवा."

दिवाळी उलटल्यावर एका सकाळी आम्ही तिघं जीपगाडीतून गेलो. खालून जायचं असल्यानं साडू दोनदा रस्ता चुकले. पोचलो तेव्हा गुडघाभर सोनेरी गवत वाऱ्यावर लवत होतं, आणि त्यापलीकडं काही नव्हतं. हेडसरांनी कानटोपी नीट केली, सगळीकडं नजर फिरवली आणि विचारलं, "कुठाय तुमचं रान?"

"सर, तुम्ही त्याच्यातच उभे आहात."

तेवढ्यात शेळ्या घेऊन एक चाचा आले. जीपगाडी बघून त्यांना वाटलं, सरकारी माणसं आलीत. "साब, पिछले हफ्ते लांडगा मेरी बकरी लेके गया," त्यांनी तक्रार सुरू केली, "दो छोटे भी थे उसके संगात." साडूंनी त्यांचे दोन्ही हात धरले. "पिल्लं आहेत? मुबारक हो!"

"किसकू मुबारक?" चाचा भडकले. "बकरीकू?"

साडू खजील झाले. मग तिथंच बांधावर बसून त्यांनी चाचांना भरपाईचा अर्ज कुठं करायचा, पंचनाम्याला कुणाला बोलवायचं, सगळं समजावलं आणि स्वतःच वनरक्षकाला फोन लावला. हे चाललेलं असताना हेडसर एकटेच पुढं गेले होते. अचानक त्यांच्या पायापासून चार हातांवर गवत फुटलं आणि एक चिंकारा मादी उठून उभी राहिली. तिनं हेडसरांकडं पाहिलं. हेडसरांनी तिच्याकडं. मग ती निघाली, आणि आम्ही बघता बघता गवतानं तिला गिळून टाकलं. हेडसरांनी कानटोपी काढून हातात घेतली. परत आले तेव्हा प्रार्थनेच्या मैदानातला आवाज पार उतरला होता. "झाडं आपण कॉलनीत लावू," ते म्हणाले. "तिथं सावली लागतेच आहे."

कॉलनीतलं पहिलं रोप हेडसरांनी मुद्दाम साडूंच्या हातून लावून घेतलं. त्या फोटोत सगळे हसतायत आणि साडू कुणाच्या तरी मयतीला आल्यासारखे उभे आहेत. पण त्या दिवशी घरी येऊन त्यांनी बायकोकडून भाकरी मागून घेतली आणि न वाचता खाल्ली.

माळ वाचला असं मी लिहिलं असतं. पण गेल्या वर्षी त्याच्या एका कडेला चित्रात पांढऱ्या रेघा दिसायला लागल्या. प्लॉटिंग. चुन्याच्या रेघा, मग मुरमाचे रस्ते, मग एक कमान. साडूंनी अहवाल पाठवले, हेडसर काठी टेकत कचेऱ्यांच्या पायऱ्या चढले. काही रेघा थांबल्या, काही नाही. चाचांच्या शेळ्या आता लांबून वळसा घालून येतात.

साडू या वर्षी निवृत्त झाले. कार्यालयातली चित्रं गेली, पण काही चित्रं कुणालाही बघता येतात, दर चार-पाच दिवसांनी नवीन. रविवारी ते ताईंबरोबर आमच्याकडं जेवायला येतात. आता चुकत नाहीत, ताई पुढं चालतात. पानं मांडली की साडू चष्मा कपाळावर घेतात आणि मोबाईलवर माळाचं ताजं चित्र उघडतात. रिपोर्ट बघताना डॉक्टर गप्प होतो तसे ते गप्प असतात. तोवर कुणी वाढत नाही. माझी आईसुद्धा, जिला उपग्रह म्हणजे काय ते अजून कळलेलं नाही, हात जोडून बसते. मग साडू मोबाईल पालथा ठेवतात.

"आहे," ते म्हणतात. "आहे अजून."

आणि आम्ही जेवायला लागतो.