रजेच्या चहाची साखर

लढाईमुळे साखर रेशनवर होती. घरात सगळे गुळाचा चहा प्यायचो. मूठभर साखर मात्र सासूबाईंनी डब्यात जपली होती, पलटणीतला मुलगा रजेवर आला की त्याच्या चहासाठी.

त्यातच परसातल्या माझ्या तलंगेनं पहिलं अंडं घातलं. अंडं मोठं, कोंबडी कोवळी. तिचं आंग मागून बाहेर आलं आणि लालभडक होऊन सुजलं. बाकीच्या कोंबड्या नेमकं तिथंच टोचायला लागल्या.

सासूबाई म्हणाल्या, "जगत न्हाई आता ती. काप आन् कालवण कर."

"न्हाई कापायची," मी म्हटलं.

माहेरी म्हशीचं असं झालं की वडील साखर लावून सूज उतरवायचे. मी कोमट मिठाच्या पाण्यानं सगळं धुतलं आणि डब्यातली होती नव्हती ती साखर त्यावर थापली. सूज ओसरल्यावर बोटाला गोडेतेल लावून आंग हळूच आत ढकललं. ते पुन्हा बाहेर आलं. पुन्हा ढकललं. तिसऱ्यांदा राहिलं. मग आठवडाभर तिला डालग्याखाली अंधारात एकटीला ठेवलं.

ती जगली. महिन्याभरानं नवरा रजेवर आला. चहाचा घोट घेऊन त्यानं आईला विचारलं, "साखर न्हाई व्हय?"

"तुझ्या बायकूला इचार."

सासूसमोर नवऱ्याशी बोलायची आमच्यात रीत नव्हती. लग्नाला दोन वर्षं झाली, तरी मी कधी बोलले नव्हते. मी पदर सावरला आणि म्हटलं, "कोंबडीच्या ढुंगणाला लावली. तिचंच अंडं हाय ताटात, खावा गुमान."