पिस्टनवाले आणि डायरेक्टवाले

आमच्या मिलमध्ये कापड सुकवायचं एक लांबलचक मशीन आहे, स्टेंटर म्हणतात त्याला. त्याच्या जाळीवर तंतूंचा थर बसतो. या पाळीला काढला की पुढच्या पाळीला पुन्हा तेवढाच! आमच्या मंडळींच्या किश्श्यांचं तसंच आहे. मी ते जमवायला जात नाही. मी पलसाण्याच्या या डाइंग मिलमध्ये पर्चेसला आहे, माझं काम बेअरिंग आणि नट-बोल्ट मागवायचं. पण जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन कॉम्प्रेसर रूममध्ये जाऊन बसलं की एक तरी किस्सा डब्याबरोबर परत येतोच.

हे सगळे किस्से रायफलीचे आहेत. आणि आमच्यापैकी एकानेही कधी रायफल हातात धरलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

*

सुरुवात खैरनारने केली. खैरनार म्हणजे आमचा कॉम्प्रेसर फिटर, मूळचा अमळनेरकडचा, राहायला उधन्यात. एक दिवस त्याने मोबाइलवर अमेरिकेतल्या कुठल्याशा दाढीवाल्याचा व्हिडिओ पाहिला आणि जेवणाच्या सुट्टीत आम्हाला बसवून शिकवणी सुरू केली.

प्रकरण असं. एआर जातीच्या रायफलीचा वरचा अर्धा भाग, म्हणजे नळी आणि गोळी भरणारं यंत्र, सगळं मिळून वेगळं निघतं आणि त्या जागी दुसरं बसवता येतं. त्याला म्हणतात अप्पर. आता गोळी सुटली की तिच्यामागे गरम वायू येतो. तो वायू बारीक नळीतून सरळ मागे नेऊन त्या यंत्रावर सोडला, तर ती डायरेक्ट पद्धत. हलकी, सोपी, पण सगळी काजळी आत जाते. त्याच वायूने आधी पुढच्या पुढे एक पिस्टन ढकलला आणि पिस्टनच्या दांड्याने यंत्र हलवलं, तर ती पिस्टन पद्धत. आतला भाग स्वच्छ राहतो, पण वजन वाढतं.

"पिस्टन तो पिस्टनच!" खैरनारने निकाल दिला. आयुष्य कॉम्प्रेसरच्या पिस्टनवर गेलेला माणूस दुसरं काय म्हणणार!

आमचे लॅब इन्चार्ज हेमंतभाई, इथलेच गुजराती, लगेच उलट्या बाजूला गेले. "अरे यार, जेवढे पार्ट जास्त, तेवढी माथाकूट जास्त. डायरेक्टच सारुं, एकदम चांगलं!"

मी सहज विचारलं, "खैरनार, तू हातात तरी घेतलीस का कधी रायफल?"

"हातात कशाला घ्यायची? कॉम्प्रेसर काय मी हातात घेऊन चालवतो?"

त्या दिवसापासून आमच्या मिलमध्ये दोन पक्ष झाले.

*

आठवड्याभरात शब्दांनी भागेना. खैरनारने प्रात्यक्षिक ठेवलं.

"काजळी आत जाते म्हणजे काय होतं, ते बघा," असं म्हणून त्याने हवेच्या पाइपच्या तोंडात चिमूटभर काळ्या रंगाची पावडर टाकली आणि कॉक उघडला. समोर हेमंतभाई डब्यातली खिचडी खात होते.

डाइंगच्या रंगाची एक खोड आहे. कोरडी पावडर थोडी उडाली तर फारशी दिसत नाही. हेमंतभाईंनी रुमालाने तोंड झटकलं, म्हणाले, "काय नाय झालं!" मग ते नळावर गेले आणि त्यांनी तोंडाला पाणी लावलं. लॅबचा माणूस! अठरा वर्षं रोज रंगाला पाणी लावतो, आणि ऐनवेळी विसरला.

परत आले तेव्हा मानेपर्यंत निळे-काळे झाले होते. साबण, रॉकेल, बेसन, सगळं झालं. रविवारी त्यांच्या साळ्याची सगाई होती. फोटोत ते शेवटच्या रांगेत आहेत, तरी पहिली नजर त्यांच्यावरच जाते.

सोमवारी खैरनारने विजयी मुद्रेने विचारलं, "मग? पटलं का? आत घाण गेली की काय होतं?"

हेमंतभाई त्याच निळ्या तोंडाने म्हणाले, "गंदा हुआ, पण अटक्या तो नहीं ने!"

*

आता माझा नंबर. दुसऱ्यांना हसतो तर स्वतःचंही सांगायला हवं.

रोजच्या भांडणाला कंटाळून मी म्हटलं, आपण हे नीट ऑफिसच्या पद्धतीने करू. पर्चेसच्या माणसाला जगातली कुठलीही गोष्ट तक्त्यात घातल्याशिवाय समजत नाही. मी तुलनात्मक तक्ता तयार केला. आडव्या रांगेत पिस्टनच्या दोन जाती, आखूड धावेचा आणि लांब धावेचा, आणि शेवटी डायरेक्ट. उभ्या रांगेत वजन, काजळी, तापणं, धक्का, सुटे भाग मिळणं. प्रत्येकाला दहापैकी गुण, बेरजेत आखूड धावेचा पिस्टन पहिला. आपल्या देशात सामान्य माणसाला असली रायफल घेताच येत नाही, तरी मी "डिलिव्हरी कालावधी" असा रकाना ठेवला होता! चार दिवस खपलो. तेवढ्या वेळात पंपाचे सील मागवायचे राहिले आणि दोन नंबरचं मशीन एक पाळी बंद राहिलं.

तो तक्ता चुकून पंपाच्या फाइलला लागला. आणि नेमका आयएसओचा ऑडिटर आला. फाइल उघडली, तक्ता वाचला. मी डोळे मिटले. नोकरी गेली म्हटलं.

ऑडिटरने दोनदा वाचला. चष्मा काढला. "हे बरोबर नाही," म्हणाला.

"सर, ते काय झालं..."

"खाली विभागप्रमुखाची सही नाही."

मी तो कागद साहेबांकडे नेला. साहेबांनी न वाचता सही केली. तेव्हापासून आमच्या मिलमध्ये आखूड धावेचा पिस्टन मंजूर आहे.

*

पिस्टनचं अप्पर पुढून जड पडतं, हा हेमंतभाईंचा हुकमी मुद्दा. खैरनारला तो लागला. त्याने घरी जळमटं काढायचा लांब झाडू घेतला, टोकाला पाण्याची भरलेली बाटली बांधली आणि हॉलमध्ये नेम धरून उभा राहिला. मोबाइलवर वेळ लावलेली. चार मिनिटं झाली, झाडूचं टोक खाली यायला लागलं.

वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी पाहिलं, काही विचारलं नाही. लग्नाला एकवीस वर्षं झालीत.

"धरलाच आहे तर जरा वर करा," म्हणाल्या. "पंख्यामागची जळमटं राहिलीत."

दुसऱ्या दिवशी खैरनारने आमच्यासमोर कबुली दिली की वजन थोडं जास्त होतं खरं. पण घर स्वच्छ झालं, ही जमेची बाजू तो आजही सांगतो.

*

एवढं सगळं चालू असताना खरोखर रायफल चालवलेला माणूस आमच्यापासून दोनशे पावलांवर बसलेला होता. गेटवरचे आबा. पारोळ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे स्वतःची लायसनची डबल बारची बंदूक आहे. तिच्यात गॅसही नाही आणि पिस्टनही नाही, त्यामुळे आमच्या चर्चेत तिला स्थान नव्हतं. आबा समोर कोणी का असेना, मराठीतच बोलतात, आणि मुळात फार बोलत नाहीत.

शेवटी आम्ही पंच म्हणून त्यांच्याकडे गेलो. खैरनारने एका बाजूने वीस मिनिटं सांगितलं, हेमंतभाईंनी दुसऱ्या बाजूने. मी तक्ता दाखवला.

"आता तुम्ही सांगा आबा. फौजेत तुम्हाला कुठली आवडायची?"

आबा म्हणाले, "जी इश्यू व्हायची ती."

"तसं नाही, पण निवड करायची वेळ आली असती तर?"

"सही करून घ्यायची, आणि परत देताना साफ करून द्यायची."

मग खैरनारकडे वळून आपल्या गावाकडच्या बोलीत म्हणाले, "तुमले काही कामधंदा शे का नही रे भो?"

*

छोटे शेठ परदेशात फिरून आले, आणि गंमत संपली.

छोटे शेठ म्हणजे मोठ्या शेठचे चिरंजीव. तिकडे पर्यटकांना पैसे घेऊन रायफल चालवू देतात म्हणे. छोट्या शेठनी दहा गोळ्या झाडल्या होत्या, आणि परत आल्यापासून "मसल मेमरी" वगैरे शब्द बोलत होते. आमच्या दोन्ही पक्षांना वाटलं, चला, कोणीतरी प्रत्यक्ष चालवलेला माणूस मिळाला. दोघेही केबिनमध्ये गेले.

"शेठ, ती रायफल कुठली होती? पिस्टन की डायरेक्ट?"

छोट्या शेठनी जरा आठवल्यासारखं केलं.

"ब्लॅक," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर आम्ही पोट धरून हसलो. पण पुढच्याच आठवड्यात हसू जिरलं. छोट्या शेठना आता गेट मॉडर्न करायचं होतं. आबांच्या जागी सिक्युरिटी एजन्सीची चार माणसं येणार, काळे कपडे, काळे चष्मे, आणि हातात एआरसारखी दिसणारी छर्ऱ्याची एअरगन. आबांना महिनाअखेर रामराम.

आबांची धाकटी मुलगी बारडोलीला नर्सिंगला आहे, अजून दीड वर्ष बाकी. अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरी नोकरी कोण देणार? आबा कोणापुढे रडले नाहीत, पण त्या आठवड्यात त्यांनी डबा दोनदा न उघडता घरी नेला. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. त्यातला थोडा स्वतःवरच होता. हे रायफलीचं खूळ मिलमध्ये आम्हीच आणलं होतं.

*

एजन्सीचा मालक स्वतःला कॅप्टन म्हणवायचा. कशाचा कॅप्टन, ते कोणी विचारलं नाही. त्याने आठ दिवस मिलचा सर्व्हे केला. रोज दुपारी गाडीतून यायचा, एसीत बसायचा, लॅपटॉपवर मिलचा नकाशा रंगवायचा. चाळीस पानांचा रिपोर्ट झाला. त्यातली पहिली बावीस पानं रायफलींच्या चित्रांची होती, कारण छोट्या शेठना ती आवडतात हे त्याने पहिल्या दिवशीच ओळखलं होतं.

मोठे शेठ जुन्या वळणाचे. ते म्हणाले, माणूस अकरा वर्षं गेटवर उभा आहे, काढायच्या आधी त्याला एकदा बोलावून विचारा. छोटे शेठ म्हणाले, ठीक आहे, इंटरव्ह्यू घेतो. प्रश्न कुठल्या विषयावर येणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मग आम्ही आबांची तयारी करून घेतली. सकाळी खैरनार पिस्टन शिकवायचा, दुपारी हेमंतभाई येऊन ते सगळं खोडून डायरेक्ट शिकवायचे. संध्याकाळी मी तक्ता पाठ करून घ्यायचो. शिकवताना दोघे आबांच्या केबिनसमोरच भांडायचे. आबा ऐकून घ्यायचे, मधूनच उठून ट्रकचा नंबर लिहायचे, परत येऊन बसायचे. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "आबा, काही लक्षात राहतंय का?"

"तुमचं भांडण राहतंय," आबा म्हणाले.

इंटरव्ह्यूच्या दिवशी आम्ही तिघे काही ना काही फाइल घेऊन शेठच्या केबिनच्या काचेबाहेर उभे. दार अर्धवट उघडंच होतं. आत मोठे शेठ, छोटे शेठ, कॅप्टन आणि त्याचा रिपोर्ट. आबा ताठ उभे होते. बसायला सांगितलं तरी बसले नाहीत.

छोट्या शेठनी रिपोर्टमधलं एक चित्र फिरवून त्यांच्यासमोर धरलं. "बोलो काका. आपणा गेट माटे शुं सारुं? पिस्टन के डायरेक्ट?"

खैरनारने माझा दंड घट्ट धरला. दुसऱ्या बाजूने हेमंतभाईंनी धरला.

आबांनी चित्र पाहिलं, नीट पाहिलं, आणि टेबलावर परत ठेवलं.

"गेटवर कुठलीही द्या शेठ. चोर गेटमधून येत नाही. बॉयलरमागच्या कंपाउंडच्या भिंतीला भगदाड पडलंय, माणूस आरामात जातो. मी तीनदा लिहून दिलंय. आधी ते बुजवा."

मोठ्या शेठनी कॅप्टनकडे पाहिलं. "रिपोर्टमध्ये हे कुठल्या पानावर आहे?"

कॅप्टनने पानं उलटली. एकदा पुढून, एकदा मागून. मग घड्याळ पाहिलं, त्याला सचिन गावातल्या दुसऱ्या एका मिलमध्ये पोहोचायचं होतं म्हणे. मोठ्या शेठनी रिपोर्ट मिटून त्याच्या हातात दिला. "हे घेऊन जा. आबा, तुम्ही गेटवर जा, उद्या गवंडी पाठवतो."

आम्ही तिघांनी श्वास सोडला. खैरनारने तर हात जोडले.

आबा दारापर्यंत आले होते. तेवढ्यात छोटे शेठ पडल्या चेहऱ्याने म्हणाले, "पण काका, भिंत पाडली कोणी? कोण जातं तिथून?"

आबा थांबले. काचेतून त्यांनी आमच्याकडे पाहिलं. आधी खैरनारकडे, मग हेमंतभाईंकडे, मग माझ्याकडे.

"पिस्टनवाल्यांनी पाडली की डायरेक्टवाल्यांनी, ते मला माहीत नाही शेठ," आबा म्हणाले. "बाहेरच्या गाडीवर चहाला दोघेही तिथूनच जातात."