तुमच्याच पिंपात

हणमंतराव अण्णांचं दुकान मी बुडवलं. गेल्याच्या गेल्या वर्षी, आयुधपूजेच्या आदल्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, बेंगळुरातल्या चिकपेटेत, त्यांच्याच दुकानात उभं राहून. दोन शब्दांत बुडवलं. ते दोन शब्द मी आजवर कुणालाच सांगितलेले नाहीत. आईला नाही, चळवळीतल्या एकाही माणसाला नाही.

तुम्हाला सांगतेय, आमची पत्रकं वाचणाऱ्यांना. पण सरळ सांगता येत नाहीये, आणि याचाच मला राग येतोय. मी पत्रकं लिहिते हो. नागपूरहून इथे आले, आठवडाभर बेळ्ळंदूरच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर तपासते आणि शनिवार-रविवार प्लास्टिकविरुद्ध भांडते. आरोपी पहिल्या ओळीत, पुरावा दुसऱ्या ओळीत, मागणी शेवटी — झोपेतसुद्धा लिहीन. मग आज हात का अडतोय?

बेळ्ळंदूरलाच आमची सोसायटी, तिच्या तळमजल्यावर एक छोटं वाचनालय आहे. तिथे चळवळीतर्फे खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची कल्पना माझीच. इथल्या मुलांना तलाव म्हणजे फेस आणि नाकाला रुमाल, एवढंच ठाऊक. पाणी जिवंत असतं हे त्यांनी एकदा तरी डोळ्यांनी बघावं, असं वाटलं. टाकी लावून दिली ती अण्णांनी. साड्यांच्या घाऊक दुकानांच्या वर, अरुंद जिन्याच्या माडीवर त्यांचं समुद्री माशांचं दुकान होतं. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातच राहिलेलं मराठी घर त्यांचं. माझ्या मराठीत इंग्रजी जेवढं, तेवढं त्यांच्या मराठीत कन्नड. मला पहिल्या दिवसापासून अक्का म्हणायचे, मी त्यांच्या मुलीपेक्षा लहान असून.

पहिलं पाणी त्यांनीच आणून भरलं. जाताना एक पांढरं पिंप ठेवून गेले, फुकट. दर आठवड्याला टाकीतलं थोडं पाणी काढायचं आणि या पिंपात फिल्टरच्या पाण्यात मीठ कालवून तेवढंच परत घालायचं, असं समजावलं.

प्लास्टिकचं पिंप. मला!

मी त्यांना तिथेच सुनावलं. आमची घोषणाच होती — प्लास्टिक सोडा, तांबं धरा. म्हटलं, आमच्याकडे आईची तांब्याची घागर आहे, त्यात कालवू. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुझं सगळं सरी, बरोबर, अक्का. पण समुद्राच्या जिवांना तांबं सोसत नाही. मासे काढतील दिवस. शंखवाले जीव मरतात.”

म्हणजे मला माहीत होतं. हे आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर पुढे माझाच हात ते झाकायला बघेल.

मी घागरच वापरली. का? म्हाताऱ्या माणसाचं खूळ वाटलं म्हणून? आजी-पणजी तांब्यातलं पाणी पिऊन धडधाकट राहिल्या, मग गोगलगायीला काय होतंय, असं वाटलं म्हणून? थोडं तेही. पण खरं कारण म्हणजे फोटो. मी घागरीत मीठ कालवतेय असा फोटो पत्रकावर छापून झाला होता. लोक कौतुक करत होते. घागरीच्या आत हिरवट कड धरू लागली, तेव्हा ती मी चिंचेने घासून काढली. दर शनिवारी. बाहेरून नाही, आतून — कुणी बघू नये म्हणून.

दोन महिन्यांनी काचेवर शेवाळ चढलं. मुलांना मासे दिसेनात. म्हणून मी क्लीनअप क्रू घ्यायला अण्णांकडे गेले — टाकीतली घाण खाणारे जीव. अण्णा त्यांना सफाईवाले म्हणत. दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. जिना धुतलेला, दारात कोहळा ठेवलेला, जाळ्या आणि मीठ मोजायचं यंत्र हळद-कुंकवासाठी एका पाटावर मांडलेलं.

मी म्हटलं, पन्नास गोगलगायी द्या. अण्णा हसले. “मोर्चाला माणसं गोळा करतेस तशी ह्यांना करू नको. मोर्चातले लोक घरी जाऊन जेवतात. हे कुठे जाणार? शेवाळ असेल तेवढीच तोंडं ने.”

मग तासभर ते निवडत बसले. काचेवरचं शेवाळ खरवडणाऱ्या बारा गोगलगायी. वाळूत गाडून घेणाऱ्या चार — अन्नाचा वास आला की सोंड वर काढतात, मुलांना मजा येईल म्हणाले. शंखात राहणारे पाच लहान खेकडे आणि सोबत मूठभर रिकामे शंख. खेकडा वाढला की घर बदलतो, रिकामं मिळालं नाही तर गोगलगायीला मारून तिचं घेतो. आणि एक लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी. प्रत्येक गोगलगाय ते पालथी घालायचे आणि वाट बघायचे. जी आपली आपण सरळ होईल ती पिशवीत. न होणारी परत त्यांच्या टाकीत. गिऱ्हाईक खोळंबलंय, तरी ते वाट बघतायत.

पिशवीला गाठ मारता मारता त्यांनी विचारलं, “पाणी कशात कालवतेस?”

मी म्हटलं, “तुमच्याच पिंपात.”

हेच ते दोन शब्द. पिंप माझ्या बाल्कनीत उलटं पडलेलं होतं. ते म्हणाले, “सरी. मग भिऊ नको.”

खरं बोलले असते तर काय झालं असतं? त्यांनी पिशवी दिली नसती. एवढंच. टाकी रिकामी करा, वाळू बदला, मग या, असं म्हणाले असते. आणि मला चळवळीत सांगावं लागलं असतं की घोषणा दरवेळी लागू पडत नाही. तेवढ्यासाठी मी बावीस जीव मेट्रोत मांडीवर घेऊन, हसत हसत, मरायला नेले.

आयुधपूजेच्या सकाळी मुलं टाकीपाशी जमली. गोगलगायी वाळूवर पालथ्या. एकही सरळ होत नव्हती. एक खेकडा शंख सोडून उघडा बाहेर पडला होता. उघडा खेकडा तुम्ही पाहिलाय? पाहू नका. एका मुलीने विचारलं, ताई, हे असे का झाले? मी म्हटलं, दुकानातूनच आजारी आले असतील.

बघा, दुसरं खोटं किती सहज आलं.

दुसऱ्या दिवशी मी तांबं तपासायची बाटली आणली. टाकीतलं पाणी घातलं, थेंब टाकले, हलवलं. रंग चढला. पाकिटावरच्या पट्टीशी ताडून बघायचीही गरज नव्हती. मी ती बेसिनमध्ये ओतली, नळ सोडला, आणि लॅपटॉप उघडून पत्रक लिहायला बसले. हो, त्या क्रमाने. आधी रंग पाहिला, मग पत्रक लिहिलं. ‘आजारी जीव विकणारं दुकान.’ मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. पहिल्या ओळीत आरोपी, दुकानाच्या नावासकट. दुसऱ्या ओळीत पुरावा — उघड्या खेकड्याचा फोटो. खाली सही: एक जागरूक नागरिक. ते माझं सगळ्यात चांगलं पत्रक आहे. शिकाऊ पोरांना आम्ही अजून तेच दाखवतो.

तुमच्यातल्या कितीतरी जणांनी ते पुढे पाठवलं. मी कुणाला दोष देत नाही. ते लिहिलंच तसं होतं.

चार दिवसांनी अण्णा बस बदलत बदलत बेळ्ळंदूरला आले, टाकीतलं पाणी नेऊन तपासायला. सोबत रिकाम्या बाटल्या. मी टाकी आदल्या दिवशीच उपसली होती, घासली होती, मासे दुसऱ्याला देऊन टाकले होते. त्यांनी बाटल्या परत पिशवीत ठेवल्या. त्यांनी मला काय विचारावं असं तुम्हाला वाटतं? घागर कुठे आहे, हे विचारतील असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलंच नाही. म्हणाले, “तू पिंपात कालवत होतीस म्हणजे दोष माझ्याच पाण्यात. बाकीच्यांच्या घरी जायच्या आधी थांबवायला हवं.”

त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि आपल्या दुकानातली प्रत्येक टाकी उपसली. वाळू फेकली, दगड उन्हात वाळवले. जे जीव आजारी असतील असं वाटलं, ते विकले नाहीत, कुणाला दिलेही नाहीत. निरोगी जीव होते ते सगळे. टाक्या पुन्हा भरून, पाणी मुरवून ते सहा महिने वाट बघत बसले, पण त्या पत्रकानंतर जिना चढून कुणी आलं नाही. आज त्या माडीवर साड्यांची खोकी आहेत.

गेल्या महिन्यात ते दिसले. पुतण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात स्टुलावर बसून खिळे मोजून देत होते. मला ओळखलं, चहा मागवला. मासे बरे आहेत का, असं विचारलं. मी हो म्हटलं. ते कुठे आहेत हेसुद्धा मला माहीत नाही. मग म्हणाले, पिंप जपून ठेव, चांगलं आहे ते, फुटत नाही.

खरंच फुटलेलं नाही. बाल्कनीतच आहे. एक थेंब पाणी त्यात कधी पडलं नाही.

अण्णांना मी हे उद्या, रविवारी, त्यांच्यासमोर उभं राहून सांगणार आहे. ते काय म्हणतील ते म्हणतील. तुमच्याकडे माफी मागत नाही. ती तुमच्या हातात नाही. पण येत्या महिन्यात चळवळीची पुस्तिका निघतेय आणि ‘आपले विजय’ या मथळ्याखाली ते पत्रक पुन्हा छापलं जाणार आहे. ते तुमच्या हातात येईल. तेव्हा पेन घ्या. पहिल्या ओळीतलं दुकानाचं नाव खोडा. तिथे ठळक अक्षरांत माझं नाव लिहा — शलाका वानखडे. आणि मग, आधी पाठवलं होतं त्या प्रत्येकाला ते पुन्हा पाठवा.