दाजींच्या गाडीतलं पाणी

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. तापलेल्या इंजिनाचा गोडसर वास आला की मला दाजींची ती जुनी पांढरी गाडी आठवते. एकदा मी ती मागून वणीच्या गडावर नेली होती. चढावर तापमानाचा काटा लालवर गेला, पण थांबलो तर आरती चुकेल म्हणून मी तशीच रेटली. वर रेडिएटरमध्ये बाटलीभर पाणी ओतलं आणि परत देताना म्हणालो, "मस्त चालली, दाजी." पुढच्याच महिन्यात दाजी आणि मी ताईला निफाडहून नाशिकला बाळंतपणासाठी आणताना ती गाडी पांढरा धूर ओकत रस्त्यातच बंद पडली. ताईला कळा सुरू झालेल्या. तेवढ्यात द्राक्षांचा टेम्पो थांबला. "वहिनींना पुढं बसवा, तुमी दोघं मागं क्रेटवर," ड्रायव्हर म्हणाला, "आन द्राक्षं नाय खायची!" त्या कळांतही ताई हसली. दवाखान्यात मुलीचं पहिलं रडणं ऐकलं तेव्हा जिन्यात उभ्या उभ्या माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने दाजींना ऑइल दाखवलं. "पाणी बाहेर गळतच नव्हतं, आत ऑइलमध्ये जात होतं. चहा झालाय बघा. तापलेली असताना पळवली का?" मी तोंड उघडायच्या आत दाजी म्हणाले, "माझंच लक्ष नव्हतं." भाची आता नोकरीला लागली, आणि दाजी त्या दिवसासाठी अजून स्वतःलाच बोल लावतात. ती चूक माझी होती, एवढं त्यांना तोंडावर सांगण्याचं देणं मी अजून लागतो.