न बोलावता आवणीला

मुरबाडच्या एसटी स्टँडवर बाबा मला सोडायला आले तेव्हा त्यांच्या पायांचा चिखल अजून वाळला नव्हता. आई डोळे पुसत होती. बाबा एवढंच म्हणाले, "गो बाय, तिकडं आवाज चढवू नको. माणसं आपली कर." परदेशातल्या आपल्या वकिलातीत मला नोकरी लागली होती, आणि तिथलं काम नेमकं हेच होतं.

गावातले तुम्ही सगळे विचारता, मी तिथे करते तरी काय. तर ऐका. त्या देशात समुद्राकाठच्या एका गावाजवळ आपल्याला बोटींसाठी धक्का बांधायचा होता. तिथली माणसंही भात पिकवणारी. आपली फौज येणार, जमिनी जाणार, या धास्तीने त्यांनी रस्ता अडवला. ऑफिसात एक जण म्हणाला, युद्धनौका आणून उभी करा, सुतासारखे सरळ होतील. मी साहेबांकडून एका हंगामाची मुदत मागून घेतली.

मला आमच्या शेताचा बांध आठवला होता. त्यावरून काकांनी शेजारच्या सखारामदादांवर कोयता उगारला, आणि दुसऱ्या सकाळी बाबा न बोलावता सखारामदादांच्याच आवणीला, रोपं लावायला, जाऊन उभे राहिले. भात लावायला आलेल्याला आपल्याकडे कोणी परत पाठवत नाही, आणि त्या दिवशी भांडणाचा विषयही काढत नाही. बांधाचं पुढे दिवाळीनंतर बसून मिटलं.

मीही पँट दुमडून त्या गावच्या चिखलात उतरले. पोरी हसल्या, पण एका म्हातारीने माझ्या हातात रोपं दिली. घोळ मीच घातला. ऑफिसचा फोटोग्राफर सोबत नेला होता. दोन दिवसांनी माझा फोटो पेपरात, खाली मैत्रीचे गोडवे. म्हातारीचा निरोप आला: शेत लावायला आली होतीस की फोटो काढायला? मला फार लाज वाटली.

फोनवर बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मी काय फोटो काढाय गेलतो? परत जा. एकटी जा."

गेले. वरची शेतं लावायची बाकी होती. तोंड वर करायचा धीर होत नव्हता. म्हातारीने मला पाहिलं, रोपांची जुडी माझ्याकडे फेकली आणि खेकसली, "उशीर केलास."

धक्क्याचं अजून ठरलेलं नाही. पण रस्ता उघडलाय, ते बोलायला बसलेत, आणि युद्धनौकेचं नाव ऑफिसात कोणी काढत नाही.

दर सुट्टीला मी मुरबाडला येते तेव्हा आईही दारातून त्या म्हातारीचंच वाक्य म्हणते. कशाला आलीस, असं घरी कोणी विचारत नाही. उशीर का केलास, एवढंच विचारतात.