खुराड्यातला दोरा

भिवंडीतल्या आमच्या टेमघरच्या घरामागे खुराडं उभं राहिलं ते सासूबाईंच्या हट्टाने. अंबाडीकडच्या गावातून त्या आमच्याकडे राहायला आल्या त्या पाटीत कोंबड्या घेऊनच. ह्यांनी लूमच्या कारखान्यातून सुताच्या खोक्यांच्या फळ्या आणल्या, वर पत्रा ठोकला, जमिनीची ओल लागू नये म्हणून खाली विटा लावल्या. सगळे खूश होते. मी तेवढी विटांमधल्या अंधाऱ्या फटींकडे बघत होते.

मी मुळातच भित्री. उन्हाळ्यात पत्रा तापला की कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकत, आणि मी सारखी ओलं गोणपाट वर टाकून यायचे. एखादी कोंबडी मान जरा वाकडी करून उभी राहिली तरी मानमोडीचा रोग आला म्हणून मी तिला वेगळी पाटीखाली ठेवायचे. थंडीत मुंगसाची धास्ती. पावसाळ्यातली सापाची भीती तर मला बाराही महिने पुरायची. अंडी काढायची तर आधी काठीने पत्रा बडवायचा, मग वाकून आत बघायचं, मगच हात घालायचा, असा माझा दंडक होता.

"काय न्हाय त्याच्यात," सासूबाई हसायच्या. "उगा कोंबड्यांना घाबरवतेस."

"बघितलंत का?" मी विचारायचे. हे माझं ठरलेलं उत्तर. घरात सगळे त्याची नक्कल करत, आणि सगळ्यात हुबेहूब करायची ती आमची मुलगी.

ती तेव्हा तिसरीत होती आणि तिला कशाचीच भीती नव्हती. अंडी काढायचं काम तिने मागून घेतलं होतं. काठी कुठेतरी टाकून ती सरळ हात आत घालायची आणि माझा जीव टांगणीला लागायचा. "पोरीला नको लावू तुझी खोड," सासूबाई म्हणायच्या. मला मात्र मनातून वाटायचं, हिने थोडं तरी घाबरावं, म्हणजे मला निर्धास्त राहता येईल.

एका पावसाळ्यात खुराड्यात अंथरलेला भाताचा तूस सारखा ओला व्हायला लागला. ह्यांनी लूमवर वाया गेलेला दोरा पोतं भरून आणला. भिवंडीत त्याला काय तोटा! आम्ही भांडी घासायला तोच घ्यायचो, उशीत भरायलाही तोच. "मऊ हाय, ऊब धरील," हे म्हणाले. सासूबाईंना पटलं नाही. कोंबडीच्या पायात गुंतेल, म्हणाल्या. गुंतलाच. एका पिल्लाच्या बोटाला असा आवळला की बोट काळं पडलं. दोरा सुती नव्हता, सिंथेटिक होता, ओढावा तेवढा रुतायचा. रविवारी सगळा काढून टाकायचं ठरलं, पण रविवारभर पाऊस थांबला नाही आणि काम राहून गेलं.

त्यानंतरची एक सकाळ. मी मागच्या दाराशी कपडे धूत होते. अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी, जी एरवी उठवता उठत नसे, ती अंगणात मान ताणून उभी दिसली. आधी मला तिचाच राग आला, अंडी गार होतील म्हणून. मग ती का उठली असेल ते डोक्यात आलं. खुराड्याकडे वळून बघितलं तर मुलगी गुडघ्यांवर बसलेली, हात खांद्यापर्यंत आत.

एवढी वर्षं ज्याला भ्यायले ते समोर आलं तेव्हा मला ओरडताच आलं नाही.

"आई, काहीतरी गार लागलं," ती म्हणाली.

"हात मागे घे. हळू."

तिने घेतला. बोटांत दोऱ्याचा गुंता अडकला होता आणि त्याचं दुसरं टोक आतून कुणीतरी ओढत होतं. मी धावत जाऊन तिचं मनगट धरलं. दोरा तुटेना. दाताने तोडायला गेले तर ओठ कापला. आतून फूत्कार आला. मुलगी खुराड्याकडे बघतच नव्हती, ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. सासूबाई विळा घेऊन आल्या, दोरा कापला, दाराला फळी लावली आणि ती पाठीने दाबून तिथेच चिखलात बसल्या.

आत नाग होता. दोऱ्यात मानेपासून असा गुरफटला होता की त्याला फणा काढता येत नव्हता आणि बाहेरही पडता येत नव्हतं. म्हणून तो उजाडल्यावरही तिथेच होता, आणि म्हणूनच त्याला तिला चावता आलं नाही. शेजाऱ्यांनी दोरे कापून त्याला ओढ्यापलीकडे सोडलं. मी दिवसभर मुलीचा हात उलटसुलट करून बघत राहिले. ओरखडासुद्धा नव्हता.

ह्यांनी सगळा दोरा जाळून टाकला. मागच्या जागेवर गाळे उभे राहीपर्यंत खुराडं टिकलं. तूस, गोणपाट, काठी, माझं सगळं चालूच राहिलं. मुलगी मात्र पुन्हा तिकडे फिरकली नाही. ती दप्तर झटकून मगच उघडायची, चपला आपटून मगच घालायची. मी निर्धास्त व्हायला हवं होतं.

एकदा तिला शाळेला उशीर होत होता. फळीवरच्या डब्यातला लाडू घे, असं मी सांगितलं. तिने झाकण काढलं नाही. चमच्याने डबा वाजवला आणि वाट बघत उभी राहिली.

"अगं, काही नाही त्यात," मी म्हटलं.

"बघितलंस का?" तिने विचारलं.

ती माझी नक्कल करत नव्हती.